अक्षरांवरून शब्दाचा माग

एच आणि क्यू ही अक्षरे याच क्रमाने शेजारी शेजारी येतात असा एक इंग्रजी शब्द सांगा. प्रश्न ऐकल्यावर पहिली काही मिनिटे काहीच सुचत नाही. शब्दकोश हाताशी असूनही त्याचा उपयोग होत नाही, कारण कोश पहिल्या अक्षराने उघडतो आणि इथे नेमके पहिले अक्षरच ठाऊक नाही. ठाऊक असलेले शब्द एकेक करून तपासायला बसलो तर रात्र सरेल.

वाट वेगळी आहे. एचने सुरू होऊन लगेच क्यू येणारा शब्द इंग्रजीत नाही, आणि एकाच मूळ धातूच्या पोटात ही जोडी आलेलीही दिसत नाही. म्हणजे ती सांध्यावर असणार. डावीकडे एचने संपणारा शब्द, उजवीकडे क्यूने सुरू होणारा, आणि दोघांचा समास. उत्तरपद होऊ शकतील असे क्यूचे शब्द तरी किती? क्वीन, क्वार्टर, क्वेश्चन, क्वेक. क्वेक म्हणजे हादरा. आणि हादरते ती पृथ्वी. अर्थक्वेक! रोजच्या वापरातला, ही जोडी असलेला दुसरा स्वतंत्र शब्द मला तरी आजवर भेटलेला नाही.

अमुक अक्षरे असलेले लांबलचक इंग्रजी शब्द शोधण्याचा छंद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. या शोधात अक्षरांकडे कमी आणि शब्दाच्या बांधणीकडे जास्त पाहावे लागते. कोणता तुकडा कुठून आला, कोणत्या भाषेतून आला, कुठे चिकटवला गेला, हे कळल्याशिवाय अक्षरे हाती लागत नाहीत. इंग्रजी आपण शाळेत स्पेलिंग घोकून शिकलो. त्या स्पेलिंगांमागे केवढा इतिहास दडला आहे, हे या खेळाइतके सहज दुसऱ्या कशाने दाखवले असेल असे मला वाटत नाही.

सांध्याची आणखी उदाहरणे पाहू. झेडनंतर व्ही कुठे येतो? राँदेव्हू या शब्दात. तो फ्रेंच, आणि मुळात दोन पदांचा: पहिले पद झेडने संपते, दुसरे व्हीने सुरू होते. डब्ल्यू-के-डब्ल्यू ही विचित्र तिकडी ऑकवर्डमध्ये आहे. ऑक म्हणजे उलट्या बाजूचे, वाकडे. हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आला आणि त्याला दिशा दाखवणारा वर्ड हा प्रत्यय लागला. दोन एच हवे असतील तर विदहोल्ड आणि हिचहायकर. बुककीपरमध्ये तर ओ-ओ, के-के, ई-ई अशा तीन जोड्या सलग येतात. त्यातली पहिली बुक या शब्दाची स्वतःची, तिसरी कीपरची, आणि मधली दोघांच्या भेटीतून झालेली.

सलग सहा व्यंजने हवी असतील तर कॅचफ्रेज घ्या: टी-सी-एच-पी-एच-आर. कॅच नॉर्मन फ्रेंचमधून आला, फ्रेज ग्रीकमधून. एका घराण्याने च या ध्वनीसाठी तीन अक्षरे वापरली, दुसऱ्याने फ साठी दोन. रोमन लिपीत सहा व्यंजनांची रांग दिसते, ध्वनी मात्र तीनच: च, फ आणि र. देवनागरीत लिहिल्याबरोबर हे आपोआप स्पष्ट होते.

अमेरिकी लेखक जेम्स थर्बर यांनी १९५१ साली न्यू यॉर्कर साप्ताहिकात सुपरघोस्ट नावाच्या खेळावर लेख लिहिला होता. खेळाडूंनी पाळीपाळीने अक्षरसमूहाच्या पुढे किंवा मागे एकेक अक्षर जोडत जायचे, पण शब्द पुरा होऊ द्यायचा नाही. ज्याच्या हातून पुरा होईल तो हरला. या खेळात एस-जी-आर-ए अशी एक चौकडी थर्बर यांच्या डोक्यात बसली आणि तिच्यासाठी शब्द शोधता शोधता त्यांनी नवे शब्दही रचले. ही चौकडी डिसग्रेसमध्ये आहे, ग्रोग्रेन या रेशमी फितीच्या नावातही आहे. दोन्ही ठिकाणी ती सांध्यावरच बसली आहे. डिस आणि ग्रेस, ग्रो आणि ग्रेन. ग्रोमधला एस फ्रेंचमध्ये लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून कानावर विसंबणाऱ्याला हा शब्द सापडत नाही.

शब्द मधून किंवा मागून शोधण्याची गरज छंदिष्टांच्या आधी कवींना भासली. जॉन वॉकर यांनी १७७५ साली लंडनमध्ये एक कोश काढला, त्यात शब्द शेवटाकडून लावले होते, म्हणजे यमके एका जागी मिळावीत. विसाव्या शतकात स्प्रिंगफील्ड इथल्या मेरियम-वेबस्टर या कोशसंस्थेने हीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर राबवली. तिथे सुमारे ३ लाख १५ हजार कार्डांचा एक संग्रह आहे आणि त्यातल्या प्रत्येक कार्डावर एक शब्द उलटा टंकलेला आहे. एकच प्रत्यय लागलेले सगळे शब्द हवेत, म्हणजे त्यांच्या व्याख्या एकमेकींशी जुळवता येतील, अशी संपादकांची गरज होती. संगणक नव्हता, म्हणून माणसांनी बसून हजारो शब्द उलटे टंकले. असल्या कामाविषयी मला फार आदर आहे.

१९१३ सालच्या डिसेंबरात न्यू यॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे छापून आले. त्यानंतर अमुक जागी अमुक अक्षर असलेला इतक्या अक्षरांचा शब्द कोणता, हा प्रश्न घराघरांत पोहोचला. पण या छंदाला अभ्यासाचे रूप दिले ते दिमित्री बोर्गमन यांनी. त्यांचा जन्म १९२७ साली बर्लिनमध्ये झाला, पुढे ते अमेरिकेत आले. १९६५ साली त्यांचे लँग्वेज ऑन व्हेकेशन हे पुस्तक निघाले आणि १९६८ साली त्यांच्याच संपादनाखाली वर्ड वेज हे त्रैमासिक सुरू झाले. अक्षरांचे गुणधर्म, त्यांचे क्रम, त्यांची पुनरुक्ती यांनाच वाहिलेले ते नियतकालिक पन्नास वर्षांहून जास्त चालले. त्यातला तीन दशकांहून अधिक काळ रॉस एक्लर हे संख्याशास्त्रज्ञ त्याचे संपादक होते. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनमधल्या घरातून ते अंक काढत.

या मॉरिसटाउनचा अक्षरांच्या मोजणीशी आणखी जुना संबंध आहे. सॅम्युअल मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल तिथलेच. तारेच्या लिपीत कोणत्या अक्षराला किती छोटी खूण द्यावी हे ठरवताना ते गावातल्या छापखान्यात गेले आणि जुळाऱ्याच्या पेटीत कोणत्या अक्षराचे किती खिळे आहेत ते त्यांनी पाहिले. छापखानेवाल्याला कोणते अक्षर जास्त लागते हे अनुभवाने ठाऊक असते, त्यासाठी वेगळी पाहणी करायची गरज नव्हती. ईचे खिळे सर्वांत जास्त होते, म्हणून ईला एक टिंब मिळाले आणि टीला एक रेघ.

इंग्रजी मजकुरात शंभरातली बारा-तेरा अक्षरे ई असतात. क्यू आणि झेड हजारात जेमतेम एकेकदा भेटतात. पण शब्द शोधणाऱ्याने एक भेद नीट लक्षात ठेवावा. चालू मजकुरातली मोजणी वेगळी आणि कोशातली वेगळी. मजकुरात एच भरपूर, कारण द, दॅट, ही, विथ हे शब्द वाक्यावाक्यांत येतात. कोशात हे शब्द एकदाच मोजले जातात, म्हणून तिथे एचचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरते आणि आय, आर, एस यांचे महत्त्व वाढते. आल्फ्रेड बट्स या वास्तुरचनाकाराने १९३० च्या दशकात वृत्तपत्रांची पाने घेऊन अक्षरे मोजली आणि त्यावरून आपल्या खेळातल्या सोंगट्यांची संख्या ठरवली. १९४८ पासून तो खेळ स्क्रॅबल या नावाने ओळखला जातो. त्याच्या शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत, क्यू आणि झेड एकेकच. पिझाझ या शब्दात चार झेड लागतात. स्क्रॅबलमध्ये एक झेड आणि दोन कोऱ्या सोंगट्या मिळून तीनच होतात, म्हणून कोशात असलेला हा शब्द पटावर कधीच लावता येत नाही.

आता स्वरांकडे वळू, कारण माझ्या मते या खेळातला सर्वांत श्रीमंत भाग तोच आहे. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर एकेकदाच आणि याच क्रमाने येतील असा शब्द हवा आहे. बुद्धीने विचार केला तर अर्धे काम एका प्रत्ययातच झालेले असते. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला आय-ओ-यू-एस हा विशेषणाचा प्रत्यय शेवटचे तीन स्वर क्रमाने घेऊनच येतो. मग त्याच्या आधी फक्त ए आणि त्यानंतर ई असलेला तुकडा शोधायचा. फसीशस, म्हणजे थट्टेखोर. अब्स्टीमियस, म्हणजे खाण्यापिण्यात संयमी. आर्सेनियस हे आर्सेनिकचे विशेषण. फसीशसला क्रियाविशेषणाचा एल-वाय लावला की वायदेखील शेवटी रांगेत येऊन बसतो.

हाच क्रम उलटा हवा असेल तर टोक बदलावे लागते. यू आधी हवा, म्हणून अन किंवा सब हा उपसर्ग. ए शेवटी हवा, म्हणून ए-एल किंवा ए-आर-वाय हा प्रत्यय. मधे ओ, आय, ई. अनकॉम्प्लिमेंटरी मिळतो. आणि सबकॉन्टिनेंटल मिळतो. आपल्या उपखंडाचे हे विशेषण आपण वृत्तपत्रात कितीदा वाचतो! त्यात पाचही स्वर एकेकदा, बरोबर उलट क्रमाने उभे आहेत हे क्वचितच कुणाच्या ध्यानात येते.

एकच स्वर वापरणारे शब्द शोधताना तर इंग्रजीची दोन घराणी डोळ्यांसमोर वेगळी होतात. स्ट्रेंग्थ्स या शब्दात नऊ अक्षरे आणि एकच स्वर. त्याच्या एकवचनाला लेस आणि नेस हे प्रत्यय लावले की स्ट्रेंग्थलेसनेस हा सोळा अक्षरांचा शब्द तयार होतो, आणि त्यात ईखेरीज दुसरा स्वर नाही. त्याचे तिन्ही तुकडे जुन्या इंग्रजीचे, जर्मानिक कुळातले. आता फक्त आय हवा असेल तर? इनडिव्हिजिबिलिटी घ्या. चौदा अक्षरे, सहा आय, आणि शेवटचा वाय सोडला तर दुसरा स्वर नाही. याचे सगळे तुकडे लॅटिनचे: इन, डिव्हिड, इबिल, इटी. म्हणून ई भरपूर हवे असतील तर गावठी इंग्रजी प्रत्ययांकडे जावे, आय भरपूर हवे असतील तर लॅटिन प्रत्ययांकडे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. तेव्हापासून राज्यकारभार, न्याय आणि विद्या यांत फ्रेंच-लॅटिन शब्द येत गेले आणि घरातले, शेतातले शब्द मात्र जुनेच राहिले. त्या घटनेची खूण आज स्वरांच्या मोजणीत सापडते.

क्यूनंतर यू येणारच, हा नियमही त्याच घटनेनंतरचा. जुन्या इंग्रजीत क्वीनचे स्पेलिंग सी-डब्ल्यूने सुरू होत असे. फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तिथे क्यू-यू आणले. यूशिवाय क्यू असलेला शब्द हवा असेल तर तो बाहेरून आलेलाच पाहावा: इराक, निकाब, कव्वाली. अरबीतल्या घशातल्या क साठी इंग्रजीने हे अक्षर वापरले. जेने संपणारा शब्द शोधतानाही हाच विचार कामी येतो. देशी इंग्रजी शब्दाच्या शेवटी ज हा ध्वनी आला तर तो जी-ई किंवा डी-जी-ई असा लिहितात, ब्रिज, जज यांसारखा. म्हणून शेवटी जे दिसला की शब्द परदेशी. इंग्रजी कोशांत त्या जागी आपलेच शब्द भेटतात: राज, ताज आणि स्वराज.

वर्णमालेच्या क्रमाने अक्षरे लागलेले शब्दही थोडे आहेत. ऑलमोस्ट आणि बायोप्सी यांत सहा-सहा अक्षरे आहेत. बिलोई, म्हणजे लाटांसारखे फुगणारे, यात सात आहेत, फक्त एल दोनदा. एजिलॉप्स या गवताच्या नावात आठ. यातला माझा आवडता शब्द मात्र चिंट्झ. सी-एच-आय-एन-टी-झेड. हे फुलाफुलांचे सुती कापड भारतातून युरोपात गेले आणि त्याबरोबर छींट हे नावही गेले. इंग्रजांनी आधी त्याचे अनेकवचन केले ते शेवटी एस लावून. तेव्हा टीनंतर एस आल्यामुळे क्रम मोडत होता. पुढे लोक अनेकवचन विसरले, एसच्या जागी झेड रूढ झाला आणि अक्षरांची रांग सरळ झाली. हे कुणी ठरवून केले नव्हते.

कळफलकावरचे शब्द थोडक्यात सांगतो. इंग्रजी कळफलकाच्या वरच्या ओळीत पाचांपैकी चार स्वर आहेत, म्हणून तेवढ्याच अक्षरांत टाइपरायटर, प्रोप्रायटर, परपेच्युइटी, रेपर्ट्वार असे दहा अक्षरी शब्द लिहिता येतात. मधल्या ओळीत फक्त ए आहे, तिथे अल्फाल्फा हा सात अक्षरी शब्द मिळतो. खालच्या ओळीत स्वरच नाही, वायसुद्धा नाही, म्हणून तिथे काही मिळत नाही.

एकही अक्षर पुन्हा न येणारा लांब शब्द हे या छंदातले अवघड शिखर आहे. शब्द लांबवायचा म्हणजे प्रत्यय लावायचे, आणि प्रत्ययांत तीच ती अक्षरे असतात. नेस लावला की एस दोनदा आलाच. टीने संपणाऱ्या शब्दाला टी-आय-ओ-एन जोडला की टीची अडचण. म्हणून असे तुकडे निवडावे लागतात की त्यांची अक्षरे एकमेकांत मिसळणार नाहीत. अनकॉपीरायटेबल हा पंधरा अक्षरी शब्द अशा चार तुकड्यांचा आहे: अन, कॉपी, राइट, एबल. वर्णमालेतली निम्म्याहून जास्त अक्षरे त्यात एकेकदा आली आहेत. डर्मॅटोग्लिफिक्स हा बोटांच्या ठशांच्या शास्त्राचा शब्दही पंधराच अक्षरांचा, पण त्याचे तुकडे ग्रीक. पहिला शब्द काही कोशांत मिळतो, काहींत मिळत नाही. अन लावून झालेला प्रत्येक शब्द छापायला कोशकारांजवळ जागा कुठली?

आणि इथूनच मूळ प्रश्न उभा राहतो: शब्द म्हणजे काय? इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द म्हणून न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस हा पंचेचाळीस अक्षरी शब्द सांगतात. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, असा त्याचा अर्थ लावता येतो. पण तो दवाखान्यात जन्मला नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम सर्वांत लांब व्हावा म्हणून रचला. वृत्तपत्रात छापून आला, लोकांनी उचलला आणि शेवटी ऑक्सफर्ड कोशानेही त्याची नोंद घेतली. टायटिन या प्रथिनाच्या संपूर्ण रासायनिक नावात १ लाख ८९ हजार ८१९ अक्षरे होतात असे सांगितले जाते. मी त्याला शब्द मानत नाही. ते सूत्र आहे, अक्षरांत लिहिलेले.

याउलट फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन या शब्दाबद्दल मला आपुलकी वाटते. तोही विद्वानांनीच घडवला, पण सहज. फ्लॉक्सी, नॉसी, निहिली, पिली ही चारही लॅटिन रूपे कवडीमोल या अर्थाने वापरत आणि इंग्रजी शाळांतल्या लॅटिन व्याकरणात ती एकत्र दिलेली असत. त्यांची माळ करून पुढे प्रत्यय लावला. कवी विल्यम शेनस्टन यांच्या १७४१ सालच्या पत्रात तो आढळतो. एकोणतीस अक्षरे, त्यांत नऊ आय, आणि एकही ई नाही. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणारे अक्षर एवढ्या लांब शब्दातून पूर्ण गायब आहे, कारण मूळ माल सगळा लॅटिनचा. शेक्सपिअर यांच्या लव्हज लेबर्स लॉस्ट या नाटकात तर ऑनोरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस हा सत्तावीस अक्षरी शब्द आहे. त्यात सुरुवातीच्या एचपासून शेवटच्या एसपर्यंत व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर अशी पाळी कुठेही चुकत नाही.

संगणकाने हा शोध सोपा केला. १९३४ साली वेबस्टर यांच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली होती. तिच्यातल्या सुमारे २ लाख ३५ हजार शब्दांची यादी पुढे युनिक्स या प्रणालीबरोबर अनेक संगणकांवर पोहोचली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास ग्रेप नावाचा छोटा कार्यक्रम लिहिला. अक्षरांचा साचा दिला की तो यादीतून जुळणाऱ्या ओळी काढून देतो. साचा लिहिण्याची भाषा गणिती स्टीफन क्लीनी यांच्या १९५० च्या दशकातल्या कामावर उभी आहे. त्यात टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि त्यापुढे तारा म्हणजे अशी कितीही अक्षरे. ए, टिंब, तारा, ई, टिंब, तारा असे यूपर्यंत लिहिले की हे स्वर या क्रमाने असलेले सगळे शब्द डोळ्यांचे पाते लवायच्या आत समोर येतात. दुसरे स्वर मधे येऊ द्यायचे नसतील तर साचा थोडा कडक करायचा.

क्रम महत्त्वाचा नसेल, फक्त अमुक अक्षरे हवीत असे असेल, तर याहून सुंदर युक्ती आहे. प्रत्येक शब्दासाठी सव्वीस दिव्यांची एक पाटी कल्पावी. शब्दात जे अक्षर असेल त्याचा दिवा पेटलेला, बाकीचे विझलेले. क्यू, एक्स आणि वाय असलेला शब्द हवा असेल तर ज्या पाट्यांवर हे तीन दिवे पेटले आहेत तेवढ्याच उचलायच्या. संगणक ही पाटी सव्वीस अंकी द्विमान संख्या म्हणून साठवतो आणि एका क्रियेत तपासतो. तिथे क्विक्सट्री हा शब्द हाती लागतो, डॉन क्विक्सोट या कादंबरीच्या नायकावरून पडलेला. २००६ साली अमेरिकेत मायकेल क्रेस्टा यांनी स्क्रॅबलच्या एका सामन्यात हा शब्द लावून एकाच खेळीत ३६५ गुण मिळवले होते.

१९८८ साली अँड्र्यू अॅपल आणि गाय जेकबसन यांनी स्क्रॅबल खेळणाऱ्या जलद कार्यक्रमावर निबंध लिहिला. त्यात सगळा कोश एका जाळ्यासारखा साठवला होता. सारखी सुरुवात असलेले शब्द एका वाटेने निघतात आणि सारखा शेवट असलेले शब्द पुन्हा एका वाटेला मिळतात, त्यामुळे आय-एन-जी किंवा नेस हजारदा लिहावे लागत नाही. जागा वाचवण्यासाठी केलेली ही रचना शब्दांचे उपसर्ग आणि प्रत्यय आपोआप वेगळे काढते. व्याकरणकार ज्या सांध्यांवर बोट ठेवतो तिथेच यंत्रही पोहोचले, याचा मला फार आनंद वाटतो.

अर्थ न कळता केवळ अक्षरांवर प्रभुत्व मिळवता येते का? न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी त्याचे उत्तर दिले आहे. २०१५ साली त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद जिंकले, फ्रेंच बोलता येत नसताना. शब्दांची यादी त्यांनी काही आठवड्यांत पाठ केली होती. २०२४ साली स्पॅनिशमध्येही ते जिंकले. त्यांच्या स्मरणशक्तीपुढे मान झुकते. मला स्वतःला मात्र शब्द कुठून आला हे कळल्याशिवाय त्याचा लोभ जडत नाही.

मराठीत हा खेळ खेळायचा झाला तर पहिल्याच पावलाला प्रश्न पडतो. शब्दात क आहे असे केव्हा म्हणायचे? की, कू, क्र, क्ष या सगळ्यांत तो आहे की नाही? आपल्या शब्दकोड्यात एका चौकोनात पूर्ण अक्षर बसते, मात्रा आणि जोडाक्षरासह. त्या हिशेबाने स्वातंत्र्य हा शब्द तीन चौकोनांचा. संगणकात मात्र व्यंजने, काना, अनुस्वार आणि पाय मोडण्याच्या खुणा वेगवेगळ्या साठवल्या जातात आणि तोच शब्द अकरा खुणांचा होतो. म्हणून इंग्रजीसाठी लिहिलेला शोधकार्यक्रम मराठी यादीवर जसाच्या तसा चालवला की लांब शब्दांचा क्रम भलताच लागतो. मोजमाप आधी ठरवावे लागते: चौकोन मोजायचे की वर्ण.

वर्ण मोजण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दंडीच्या दशकुमारचरितात एक पूर्ण प्रकरण ओष्ठ्य वर्णांशिवाय लिहिले आहे. ते सांगणाऱ्या पात्राचे ओठ दुखावलेले आहेत, म्हणून प, फ, ब, भ, म त्याच्या तोंडी येत नाहीत. अठराव्या शतकात बारामतीच्या मोरोपंतांनी अनेक प्रकारची रामायणे रचली, त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. ज्या कथेच्या नायकाचे नावच म ने संपते, ती कथा म शिवाय सांगायची! रघुनंदन, राघव, दाशरथी अशी नावे शोधत जायचे म्हणजे शब्दसंग्रह तळापर्यंत ढवळावा लागतो.

आणि सांध्याची युक्ती मराठीतही चालते. ळ हे अक्षर शब्दाच्या आरंभी येत नाही. मग एकाच शब्दात दोन ळ हवे असतील तर कुठे पाहावे? ज्याच्या पोटात किंवा शेवटी ळ आहे असा तुकडा दोनदा आला पाहिजे. म्हणजे द्विरुक्त शब्दांकडे जावे, आणि तिथे रांगच लागते: खळखळ, सळसळ, वळवळ, मळमळ, कळकळ, हळूहळू. यांतले बहुतेक आवाजाचे किंवा हालचालीचे अनुकरण करणारे. तीन ळ हवे असतील तर द्विरुक्तीवर ळ असलेला आणखी एक प्रत्यय चढायला हवा. वंशावळ, नामावळ यांत समूह दाखवणारा आवळ असतो. तो फळ या शब्दाच्या द्विरुक्तीला लावला की बाजारात, सणाच्या ताटात, पाहुण्याच्या पिशवीत नेहमी असणारा शब्द हाती येतो: फळफळावळ.